जुन्या ई-पुस्तकांची कुलपे

मार्च २००० मध्ये स्टीफन किंग यांची ‘रायडिंग द बुलेट’ ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली ती थेट इंटरनेटवर. तेव्हा तिची छापील प्रत नव्हतीच. पहिल्या चोवीस तासांत सुमारे चार लाख वाचकांनी ती मागवली आणि पुस्तकधंद्यातले भलेभले थक्क झाले. फाइलला कुलूप होते. म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात बदललेला होता आणि ठरावीक सॉफ्टवेअरमध्येच तो वाचता येत असे. काही दिवसांत कोणीतरी ते कुलूप फोडले आणि कथेच्या मोकळ्या प्रती इंटरनेटवर फिरू लागल्या. ते सॉफ्टवेअर बनवणारी ग्लासबुक कंपनी त्याच वर्षी ॲडोबीने विकत घेतली. त्या सॉफ्टवेअरचे नाव आज फारसे कुणाला आठवतही नाही.

ज्याला चोरायचे आहे त्याला असले कुलूप फार दिवस अडवत नाही. ज्याने रीतसर पैसे मोजले, तो मात्र दहा-वीस वर्षांनी संगणक बदलला की स्वतःच्याच पुस्तकापुढे हतबल होतो. आज अनेकांच्या जुन्या हार्ड डिस्कवर आणि सीडींवर अशी पुस्तके पडून आहेत. फाइल आहे, तिचा आकारही शाबूत दिसतो, पण उघडायला गेले की संगणक हात वर करतो. अशा वेळी लोक सरसकट ‘फाइल लॉक आहे’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात न उघडण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि पुष्कळदा कुलूप मुळी नसतेच. तेव्हा काहीही करण्याआधी फाइल नेमकी कशामुळे अडली आहे, हे शोधायला हवे.

मायक्रोसॉफ्टच्या ‘लिट’ स्वरूपाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने लिट फाइली वाचणारे ‘मायक्रोसॉफ्ट रीडर’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. पडद्यावरची अक्षरे अधिक रेखीव दिसावीत म्हणून तयार केलेले क्लिअरटाइप तंत्र त्यात होते आणि संगणकावर पुस्तक वाचणे डोळ्यांना खरोखरच सुसह्य झाले होते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ई-टेक्स्ट केंद्राने शेकडो जुनी अभिजात पुस्तके या स्वरूपात फुकट उपलब्ध करून दिली. विंडोजवर वाचणाऱ्या अनेकांची पहिली ई-पुस्तके लिटच होती.

अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला आय, टी, ओ, एल, आय, टी, एल, एस ही आठ रोमन अक्षरे दिसतात आणि त्यापुढे सगळी निरर्थक चिन्हे. पण त्या चिन्हांच्या आत असते ते साधे वेबपान. परिच्छेद, मथळे, चित्रे असे सगळे एचटीएमएलमध्ये लिहून, त्यातल्या खुणा छोट्या संकेतांत बदलून, विंडोजच्या जुन्या ‘हेल्प’ फाइलींना वापरत त्याच जातीच्या पद्धतीने दाबून बसवलेले. या फाइलींना संरक्षणाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीत फाइल फक्त सीलबंद असे, म्हणजे मजकुरात बदल करता येऊ नये एवढीच तजवीज. दुसरीत मुखपृष्ठावर विकत घेणाऱ्याचे नाव उमटे. प्रत कुठे पसरली तर ती कोणाची, हे कळावे म्हणून. तिसरी पायरी खऱ्या कुलपाची. पुस्तक त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्टवरच्या ‘पासपोर्ट’ नावाच्या ऑनलाइन खात्याला आणि त्या खात्यावर नोंदवलेल्या मोजक्या यंत्रांना बांधलेले असे. ही नोंदणी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होई.

२०११ मध्ये कंपनीने रीडरचा गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस रीडर उतरवून घेण्याची सोयही बंद केली. पहिल्या दोन पायऱ्यांतली पुस्तके त्यामुळे बुडाली नाहीत. तोवर ‘कन्व्हर्ट लिट’ नावाचा एक छोटा, सर्वांना खुला प्रोग्रॅम तयार झाला होता. तो या फाइली सोडवून आतली पाने बाहेर काढत असे. पुढे कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्रॅमनेही लिट वाचायची सोय आपल्यात घेतली. तिसऱ्या पायरीतल्या पुस्तकांची किल्ली मात्र वाचकाच्या खिशात नव्हतीच. जुने नोंदवलेले यंत्र बंद पडले आणि नव्याची नोंदणी करणारा सर्व्हर उरला नाही, की पुस्तक कायमचे अडकले. एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या दोन फाइली शेजारी ठेवल्या तर एक मिनिटभरात उघडते आणि दुसरी कधीच नाही, याचे कारण हे आहे.

याच्या अगदी उलट रचना ‘ई-रीडर’ या जुन्या स्वरूपात होती. पाम कंपनीच्या हातात मावणाऱ्या यंत्रांवर ही पुस्तके वाचली जात. तिथे किल्ली म्हणजे विकत घेणाऱ्याचे नाव आणि त्याच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक. पुस्तक पहिल्यांदा उघडताना या दोन गोष्टी टाइप करायच्या, की मजकूर सुटायचा. कल्पना अशी की स्वतःच्या कार्डाचा क्रमांक कोणी परक्याला सांगणार नाही. हा धंदा पीनट प्रेस या नावाने सुरू झाला, पामकडे गेला, मग हात बदलत २००८ मध्ये फिक्शनवाइज या ई-पुस्तकांच्या दुकानाकडे आणि २००९ मध्ये बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकविक्रेत्याकडे आला. २०१२ च्या अखेरीस फिक्शनवाइज बंद झाले. तरीही ज्यांनी जुन्या कार्डाचा क्रमांक आणि त्यावरचे नाव नीट लिहून ठेवले होते, त्यांच्यापाशी किल्ली शिल्लक राहिली. माझ्या मते आजवरच्या सगळ्या कुलपांत वाचकाशी सर्वांत प्रामाणिक वागलेले कुलूप हेच. दुकानाने मान टाकली तरी किल्ली वाचकाकडेच राहील, अशी व्यवस्था नंतरच्या बहुतेक कंपन्यांनी ठेवली नाही.

त्याचे परिणाम दिसतच आहेत. मायक्रोसॉफ्टने पुढे स्वतःचे ई-पुस्तकांचे दुकान उघडले आणि जुलै २०१९ मध्ये तेही बंद केले. ग्राहकांचे पूर्ण पैसे परत केले, ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलरही दिले, पण पुस्तके उघडायची थांबली आणि समासातली टिपणे गेली. एखाद्या अभ्यासकाच्या दोन वर्षांच्या टिपणांची किंमत २५ डॉलर ठरवणे मला पटत नाही. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळू लागली, त्यामुळे हा विषय आता आपल्याही घरातला आहे. विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकण्याची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून घेतली. पुस्तक वाचता येते, पण त्याची फाइल आपल्या संगणकावर जपून ठेवायचा तो सरळ रस्ता बंद झाला.

आता निदान कसे करायचे ते पाहू. ‘ईपब’ हे आजचे सर्वांत खुले आणि सर्वमान्य स्वरूप. २००७ मध्ये ते प्रमाण म्हणून ठरले. ईपब म्हणजे प्रत्यक्षात एक झिप फाइल. फाइलीची एक प्रत काढावी, नावाच्या शेवटचे ‘ईपब’ पुसून ‘झिप’ करावे आणि उघडावी. आत प्रकरणागणिक पाने, चित्रांचा फोल्डर, पुस्तकाची माहिती देणारी एक फाइल आणि ‘मेटा-इन्फ’ नावाचा छोटा फोल्डर दिसतो. प्रकरणाचे पान ब्राउझरमध्ये उघडून मजकूर दिसला तर कुलूप नाही, अडचण दुसरीकडे आहे. पानाऐवजी अगम्य चिन्हे दिसली आणि ‘मेटा-इन्फ’मध्ये ‘एन्क्रिप्शन’ आणि ‘राइट्स’ नावाच्या फाइली असल्या, तर तो ॲडोबी पद्धतीच्या कुलपाचा पुरावा. नुसती ‘एन्क्रिप्शन’ फाइल पाहून मात्र निष्कर्ष काढू नये. पुष्कळ प्रकाशक फक्त फॉन्ट झाकण्यासाठी ती घालतात आणि मजकूर मोकळाच असतो.

मोकळ्या फाइलीचे रूपांतर करायला कॅलिबरइतके भरवशाचे साधन दुसरे नाही. कोविद गोयल या भारतीय अभ्यासकाने २००६ मध्ये ते लिहायला घेतले. सोनीने तेव्हा काढलेले वाचनयंत्र त्यांच्या लिनक्स संगणकाशी जुळत नव्हते, एवढेच निमित्त. आज ते फुकट आणि खुले आहे. लिट, मोबी, पामच्या जुन्या फाइली, सोनीचे सोडून दिलेले स्वरूप असे बरेच काही ते वाचते आणि ईपब करून देते. कुलूप असलेली फाइल दिली तर ते थांबते आणि तसे स्पष्ट सांगते. कुलूप काढणे हे त्याचे काम नाही आणि त्याच्या कर्त्यांनी ती रेघ जाणीवपूर्वक आखली आहे.

खरोखरच कुलूप असेल तर प्रश्न तंत्राचा कमी आणि कायद्याचा जास्त होतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणे हेच स्वतंत्रपणे बेकायदा ठरले. २००१ च्या जुलैमध्ये दिमित्री स्क्लिआरोव्ह हा तरुण रशियन प्रोग्रॅमर लास व्हेगासमध्ये ई-पुस्तकांच्या कुलपांतल्या त्रुटींवर व्याख्यान देऊन परतायला निघाला आणि त्याला अटक झाली. एका विक्रेत्याने तर प्रत्येक रोमन अक्षर वर्णमालेत तेरा घरे पुढे सरकवून त्यालाच संरक्षण म्हटले होते, हे त्याने त्या व्याख्यानात दाखवले होते. त्याच्यावरचे आरोप पुढे सोडून देण्यात आले आणि डिसेंबर २००२ मध्ये ज्यूरीने त्याच्या एल्कमसॉफ्ट या कंपनीलाही निर्दोष ठरवले. पण त्या अटकेची दहशत अभ्यासकांच्या मनात बराच काळ राहिली.

आपला कायदा वेगळा आहे आणि तो कसा वेगळा आहे, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले. त्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे, पण गुन्हा होण्यासाठी हेतू लागतो. लेखक-प्रकाशकांच्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडले, तर गुन्हा. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते काढण्याला तेच कलम वाट ठेवते; दुसऱ्या कोणाची मदत घेतली तर मदत करणाऱ्याने त्याची पूर्ण नोंद ठेवावी, अशी अट मात्र आहे. अर्थात दुकानाशी आपण केलेल्या कराराच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या वाचाव्यात. आणि स्वतःच्या वाचनासाठी सोडवलेली प्रत व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली, तर तिथे हेतूबद्दल बोलण्यासारखे काही उरत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती लहान असते, हे माहीत असणाऱ्याने तरी लेखकाच्या ताटातले काढून घेऊ नये.

अंध वाचकांसाठी हा सवलतीचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. २००९ मध्ये किंडलच्या दुसऱ्या पिढीने पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली, तर अमेरिकेतल्या लेखक संघटनेने हरकत घेतली आणि तो आवाज बंद करण्याची मुभा प्रकाशकांना मिळाली. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मजकूर मोकळा लागतो. कुलूपबंद पुस्तक त्याच्यासाठी कोऱ्या कागदासारखेच. आपल्या कायद्याच्या ५२ व्या कलमात अपंग व्यक्तींसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणण्याची परवानगी २०१२ मध्येच घातली गेली. अशाच हक्कांसाठी झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ याच कायदेशीर पायावर उभे आहे. आपल्या घरातल्या अंध वाचकासाठी पुस्तक हवे असेल, तर स्वतः कुलपाशी झटापट करण्याआधी तिथे चौकशी करावी.

इथवरचे बहुतेक सगळे इंग्रजी पुस्तकांचे झाले. मराठीत सर्वांत जास्त मजकूर ज्या कारणाने अडकला आहे, त्यात सांकेतिक कुलूप नाही, सर्व्हर नाही आणि गुन्हाही नाही. तो अडकला आहे फॉन्टात.

युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्यापासून, १९९१ पासून आहे. पण आपल्या डीटीपीवाल्यांच्या संगणकावर ती पोचायला पंधरा-वीस वर्षे गेली. मधल्या काळात मराठी पुस्तके जुळली ती पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये, आकृतीत, कृतिदेवमध्ये. या फॉन्टांची युक्ती अशी होती की संगणकाला वाटे आपण इंग्रजी अक्षरेच साठवतो आहोत. फॉन्ट मात्र त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवी. कृतिदेवमध्ये ‘कविता’ हा शब्द घ्या. फाइलीत साठते ते डी, एफ, ओ, आर, के. डी म्हणजे क, एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ओ म्हणजे व, आर म्हणजे त आणि के म्हणजे काना. फॉन्ट असेल तर ‘कविता’ दिसते. फॉन्ट नसेल, किंवा पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, तर नुसती डी-एफ-ओ-आर-के ही निरर्थक ओळ हाती लागते. शोधयंत्राला तीत ‘कविता’ कधीच सापडत नाही.

आता रूपांतर करताना प्रत्येक तुकड्याच्या जागी युनिकोडचे अक्षर ठेवले की झाले, असे वाटते. पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी साठवतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षराच्या नंतर येते. म्हणून ‘कविता’तली वेलांटी ‘व’च्या पलीकडे न्यावी लागते. ‘स्थिती’मध्ये तर ती ‘स्’च्याही आधी बसलेली असते आणि तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे जायचे असते. रफाराचा प्रवास उलट्या दिशेने. ‘मूर्ती’ या शब्दात रफाराचा तुकडा दीर्घ वेलांटीच्याही मागे असतो, त्याला उचलून ‘त’च्या आधी आणायचे. जो कन्व्हर्टर हे नीट करत नाही, त्याच्या मजकुरात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि रफार भलतीकडेच लटकतात.

त्यात प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा, आणि श्रीलिपीसारख्या एकाच घरातल्या निरनिराळ्या आवृत्त्यांचेही आराखडे वेगळे. म्हणून फॉन्टचे नेमके नाव कळणे हे अर्धे काम. वर्डच्या फाइलीत मजकुरावर क्लिक केले की ते दिसते. पीडीएफमध्ये ‘प्रॉपर्टीज’खाली ‘फॉन्ट्स’ची यादी असते. दुसरी खबरदारी अशी की साधा मजकूर काढून रूपांतर करू नये, फॉन्टची नोंद असलेल्या मूळ वर्ड फाइलीवरूनच करावे. पुस्तकात मध्येच खरी इंग्रजी नावे किंवा वेबपत्ते असतात. फॉन्टची नोंद हरवली तर कन्व्हर्टरला ते इंग्रजी कळत नाही आणि तो त्याचेही मराठी तुकडे करून टाकतो. पुस्तक पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये असेल तर हात लवकर चालवायला हवा. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि ती चालवणारे जुने संगणक प्रकाशकांच्या कचेऱ्यांतून दर वर्षी भंगारात जात आहेत. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. छापील प्रती संपलेल्या कितीतरी पुस्तकांचा अचूक, मुद्रितशोधन झालेला मजकूर या फाइलींतच आहे. तो गेला तर पुन्हा पहिल्यापासून टंकन करावे लागेल.

फाइल मिळालीच नाही आणि फक्त छापील पानांचे स्कॅन हाताशी असले, तर मग अक्षरओळख करणारे सॉफ्टवेअर वापरावे लागते. २००५ मध्ये खुले झालेले टेसरॅक्ट मराठीही वाचते. स्वच्छ छपाईवर ते बरे काम करते, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांची गल्लत होते, आणि जुन्या झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. अशा मजकुराला माणसाच्या डोळ्यांखालून जाण्यावाचून पर्याय नाही.

रूपांतर झाल्यावर तपासायच्या काही जागा खास मराठीच्या आहेत. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीचा शब्द सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच. त्याचा स्वतंत्र संकेत २००८ मध्ये आला, त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले आहे. संपूर्ण पुस्तकात एकच पद्धत करून घ्यावी. ईपबच्या माहितीफाइलीत भाषेच्या जागी मराठीचा संकेत आहे ना, तेही पाहावे. हिंदीचा राहिला असेल तर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात आणि यंत्राचा आवाजही पुस्तक हिंदी समजून वाचू लागतो. कवितांच्या ओळी परिच्छेदात वाहून गेल्या आहेत का, तळटीपा आपापल्या जागी आहेत का, हे डोळ्यांनीच पाहायचे.

आणि मूळ फाइल पुसायची नाही. तिच्या शेजारी एका साध्या मजकूर-फाइलीत फॉन्टचे नाव, आवृत्ती, कोणत्या साधनाने कधी रूपांतर केले ते लिहून ठेवावे. पाच वर्षांनी याहून चांगला कन्व्हर्टर आला, तर त्याला द्यायला हीच जुनी फाइल लागणार आहे.